कपाचा कान

लेकीने लिहिलेला सिनेमा लागला, तेव्हा डावखुऱ्या मावशींनी शिलाई मशीन झाकून ठेवलं आणि सगळ्या गल्लीला थिएटरात पिटाळलं. त्यांचं खरं नाव आता कुणाच्या तोंडी नाही. शाळेत डाव्या हातावर छड्या खाल्ल्या, तरी हात काही बदलला नाही. पुढे त्याच हाताने कात्री चालवून त्यांनी लेकीला शिकवलं. "सुरुवातीला नावं येतात ना, तिथे डोळे फाडून बघा. माझ्या पोरीचं आहे!" माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या बजावत होत्या.

सिनेमा हेराचा. मारामाऱ्या झकास, पण घोडं अडलं प्रेमापाशी. हेर वेटर बनून शत्रूच्या मेजवानीत शिरतो. तिथे त्याची बायको असते, त्याला कधीचाच मेला समजून बसलेली. ती डावखुरी. तिच्यापुढे चहा ठेवताना तो सवयीने कपाचा कान डावीकडे फिरवतो. ती ओळखते. दुर्दैवाने शत्रूही ओळखतो.

सिनेमा पाहून सगळे मावशींच्या दुकानात जमले. "एवढा तरबेज हेर आणि कपापायी सापडतो? काहीतरीच हं, ताई!" मावशींचा भाऊ म्हणाला.

"मला बाई रडूच आलं," शेजारची नर्स म्हणाली.

"मेहुण्यांचं बरोबर आहे," आत चहा गाळता गाळता मावशींचे यजमान ओरडले. जन्मभर बस चालवलेला माणूस, आवाज अजून तसाच. "शिकवून तयार केलेला गडी असा चुकेल होय?"

लेक मात्र आईकडेच बघत होती. "आई, तू सांग. तुला पटलं?"

आली का पंचाईत! वाकड्या शिवणीला सरळ म्हणणं मावशींच्या रक्तात नव्हतं. लेकीने शिवलेला पहिला फ्रॉकही त्यांनी तिलाच उसवायला लावला होता. "खोटं कशाला बोलू? प्रेम नाही पटलं. असला नवरा कुठे असतो गं?"

तेवढ्यात यजमान ट्रे घेऊन आले. मेहुण्यांशी मोठमोठ्याने बोलतच त्यांनी कप ठेवले, सगळ्यांचे कान उजवीकडे. मावशींपुढचा कप ठेवला आणि बोटाने अलगद फिरवला. खाली बघितलंसुद्धा नाही.

मावशींचा हात कपापाशीच थबकला. लोकांच्या घरी कप नेहमी आपणच फिरवून घ्यावा लागतो. आपल्या घरी कधीच लागला नव्हता, आणि तो का लागत नाही हे इतक्या वर्षांत डोक्यात आलं नव्हतं. लेकीने मात्र लहानपणापासून बघून ठेवलं होतं. मावशींचा ऊर भरून आला. लेकीचा अभिमान तर होताच. आता या आरडाओरडा करणाऱ्या माणसाचाही वाटला.

"पटलं," त्या लेकीला म्हणाल्या. "फक्त हेर तेवढा फारच देखणा घेतलास."

"कुठला हेर?" यजमान म्हणाले. "चहा पी आधी, गार होतोय."