भोंगाबाईंचा होकार

भोंगाबाईंनी एकतीस वर्षं बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे. नुसती खिडकी उघडून त्या बोलल्या की शेवटच्या फलाटावर झोपलेला माणूससुद्धा पिशवी घेऊन उभा राही. 'भोंगा' हे नाव चालक-वाहकांनी प्रेमानं ठेवलं आणि बाईंनी ते पदवीसारखं मिरवलं. मग निवृत्ती आली. दोन वर्षं तो आवाज कुकरच्या शिट्ट्या मोजण्यात वाया चालला होता आणि बाईंना त्याचं फार वाईट वाटायचं.

अशात अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेनं त्यांना गाठलं. एक जाडजूड कादंबरी, सगळीच्या सगळी बाईंच्या आवाजात. बाईंना आकाश ठेंगणं झालं. संस्थेनं त्यांना ईमेल खातं उघडून दिलं आणि काल त्यावर पत्र आलं, की उद्या दुपारी बारापर्यंत होकार कळवा, नाहीतर दुसरा आवाज बघू. होकार तर ठरलेलाच होता. पण एवढा मोठा होकार रात्रभर उशाशी घेतल्याशिवाय कसा द्यायचा, म्हणून बाई थांबल्या.

सकाळी मेलचा प्रोग्राम उघडला तर त्यानं पासवर्ड मागितला. दिला. पुन्हा मागितला. मग एका बोटानं दिला, चष्मा पुसून दिला, वहीतलं एकेक अक्षर मोठ्यानं वाचत दिला. आपण दारात उभं राहून नाव सांगावं आणि आतून पुन्हा "कोण?" यावं, तसं चाललं होतं. संस्थेचा फोन नंबरही नेमका त्या पत्रातच अडकलेला.

शेवटी बाईंनी नणंदेला फोन लावला. ती एका कचेरीत असल्याच रुसलेल्या कॉम्प्युटरांच्या समजुती काढायचं काम करते. तिनं साठवलेला पासवर्ड पुसायला लावला, प्रोग्राम बंद करून परत चालू करायला लावला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"वहिनी, खाली कोपऱ्यात किती वाजलेत?"

"बारा," बाई पुटपुटल्या.

"अहो, आत्ता अकरा चाळीस झालेत. तेच दुखणं आहे. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला तर तुमच्या संस्थेचा सर्व्हर खरा पासवर्डही मानत नाही. वेळ मागं घ्या."

ते घड्याळ चुकलेलं नव्हतं, बाईंनीच चुकवलेलं होतं. नवरा म्हणजे चालढकलीचा पुतळा. तो वेळेत कामाला पोचावा म्हणून लग्न झाल्यापासून बाई घरातलं प्रत्येक घड्याळ वीस मिनिटं पुढं ठेवत आल्या होत्या, आणि त्याला ताकास तूर लागू दिली नव्हती. हल्ली तो कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसायचा, म्हणून काल झोपताना तेही घड्याळ पुढं केलं. आणि आता फोन स्पीकरवर होता, नवरा खुर्चीमागं उभा होता.

एकीकडे चौतीस वर्षांचं गुपित, दुसरीकडे कादंबरी. बाईंनी वेळ मागं घेतली.

"अहो, सांगायचं राहूनच गेलं," त्या वळून म्हणाल्या. "घरातली सगळीच घड्याळं..."

"वीस मिनिटं पुढं आहेत," नवरा म्हणाला. "पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला."

"मग रोज आठची बस कशी चुकायची तुमची?"

"चुकायची कुठं, मी चुकवायचो. आठची गेली की तू सव्वाआठची पुकारायचीस. ती ऐकायची आणि मग बसायचं."

फोनमधून नणंद हळूच म्हणाली, "मी ठेवू का आता?"

प्रोग्राम मुकाट उघडला. बाईंनी दोन ओळी लिहिल्या आणि बाराला आठ कमी असताना पाठवून दिल्या. मग त्या एकट्याच खुदुखुदु हसत सुटल्या.

"काय लिहिलंस ते वाच की," नवरा स्टूल ओढून बसत म्हणाला.

त्याला बारा वाजता दातांच्या डॉक्टरांकडे पोचायचं होतं. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी घसा साफ केला, खिडकी सताड उघडली आणि पहिल्या शब्दापासून सावकाश वाचायला घेतलं.