काकांच्या मशीनची फाइल

डोंबिवलीच्या एमआयडीसीत गोळ्यांच्या स्ट्रिप्स पॅक करणाऱ्या कंपनीत होतो तेव्हा मला बढतीची भयंकर खाज सुटलेली. साहेबांनी मिटिंगमध्ये 'स्पेशल प्रोजेक्ट' म्हणायचा अवकाश, माझा हात वर. रांगोळी स्पर्धा, सुरक्षा सप्ताह, कूलर सफाई समिती, सगळीकडे मी. प्रगती एवढीच झाली की कूलर गळला की लोक मला फोन करायचे.

मग खरा प्रोजेक्ट आला. आमचं सगळ्यात जुनं मशीन फक्त काकांनाच कळायचं. काका म्हणजे त्याचे ऑपरेटर, चार महिन्यांत रिटायर होणारे. त्यांच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं. साहेब म्हणाले, "हे करेल त्याचा असिस्टंट मॅनेजरसाठी विचार होईल." मी हात असा उचलला की शेजारच्याचा चहा सांडला.

दोन महिने वही घेऊन काकांच्या मागे फिरलो. माणूस महाखडूस. "आवाज बदलला की थांबायचं." कसला आवाज? "कान आहेत ना रे तुला?" आता यात लिहिणार काय, कपाळ? पण हळूहळू बोलायला लागले. डब्यातली सुकटीची चटणीही द्यायचे. फाइल झाली आणि मला प्रमोशन मिळालं.

पेढे घेऊन एचआरमध्ये गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "काकांचा अर्ज नामंजूर झाला हां. रिटायर झाल्यावर दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर ठेवा म्हणून दिलेला. पण आता तुमची फाइल आहे, साहेब म्हणतात गरज नाही." मला त्या अर्जाचा पत्ताच नव्हता. उरलेले पेढे तिथेच ठेवले आणि मशीनपाशी गेलो.

"काका, अर्ज दिलेला तुम्ही? मग मला सगळं सांगितलंत कशाला?"

त्यांनी फडक्याला हात पुसले. "नव्हतं सांगायचं. स्ट्रिप सील करायचं तापमान मी तुला मुद्दाम कमी सांगितलेलं. तुझी फाइल फेल गेली असती, मला ठेवावंच लागलं असतं."

"मग?"

"मग घरी बायकोची बीपीची गोळी काढत होतो. म्हटलं, अशीच एखादी कच्च्या सीलची, हवा लागून गोळ्या बिघडलेली स्ट्रिप कुणाच्या तरी हातात जाईल. म्हणून तुला ते पान बदलायला लावलं. आठवतं?"

आठवत होतं. म्हाताऱ्याला आता आकडेही लक्षात राहत नाहीत, असं सांगून त्या दिवशी मी अख्ख्या कॅन्टीनला हसवलेलं.