मागे न पाहणारी मंदाताई

मंदाताईला दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकूच जायचा नाही. रायपुरात, पंडरीच्या ठोक कापडबाजारात मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती साड्यांच्या गठ्ठ्याला टेकून बसली होती. दुकानदाराने भाव सांगितला. तिने साडीचा काठ उलटा करून पाहिला, पदर झटकला आणि जरा वेळाने अगदी निरागसपणे विचारलं, "हव, पण देता कितीले, भैया?" त्याने परत सांगितला. तिने परत काठ पाहिला, परत विचारलं. शेवटी तो आपणहून भावात खाली उतरला. मी शेजारी त्याच मालासाठी घसा फोडून भांडत होते आणि मला वरचाच भाव पडला.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. ती हसली. "तू तोंडाकडे पाहून भांडते. दुकानदाराचं तोंड नोको पाहू, हात पाह्य. तोंड खोटं बोलते, हाताले थे जमत नाही."

ती मूळची गोंदियाकडची. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर कॉलनीतल्या बायकांना साड्या विकून तिने घर चालवलं. मीही पिशवी खांद्याला लावून दारोदार फिरूनच वर आलेली. आम्ही खरेदी एकत्र करू लागलो. आमची पद्धत ठरलेली होती. भाव अडला की मंदाताई उठायची आणि चालू लागायची. मी मागे थांबून दुकानदाराला फैलावर घ्यायची, "गेलं ना मी आणलेलं मोठं गिऱ्हाईक! आता बसा माश्या मारत!" तो घाबरून तिला हाका मारायचा. ती पहिल्या हाकेला कधी थांबली नाही. "पाय उचलला की मान वळवाची नाही," ती म्हणायची. "मान वळली की भाव गेला." हाका थकल्या, की तो माझ्यापाशी भाव उतरवायचा. मग कोपऱ्यावरच्या उसाच्या गाड्यापाशी ती उभी सापडायची.

माझं पंडरीत स्वतःचं दुकान झालं ते तिच्या या शिकवणीवर. तरीही तिच्या घरात माझं नाव निघालं की "हिनंच नेलं होतं" असं म्हणतात. मी कोणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नाही. म्हणून जे घडलं ते लिहिते आहे.

राज्य नवं झालं, नवं रायपूर उभं राहिलं, तिच्या श्रीकांतला मंत्रालयात नोकरी लागली. त्याने आईला आपल्या फ्लॅटवर नेलं. मी भेटायला जायची. खाली एवढे रुंद रस्ते, की पलीकडचं माणूस मुंगीएवढं दिसायचं, तेही क्वचित. मंदाताई खिडकीशी बसलेली असायची. "रस्ते लय केले," ती म्हणायची, "पण जाऊन राहिलं कोण?" थोड्या वेळाने तेच परत म्हणायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तीच गोष्ट परत विचारून तिने अख्खी पंडरी वाकवली होती.

एकदा आम्ही सदर बाजारात गेलो. सोनारांच्या गल्लीच्या तोंडाशी ती थबकली. "आता कुठून जाचं?" मी वैतागले. "माझी परीक्षा घेता का, ताई?" ती लगेच हसली. "पाह्यत होतो, दुर्गे, तुले येते का."

त्याच थंडीत आमच्या व्यापाऱ्यांचा एक गट बँकॉकला निघाला. देवळं पाहायची, नदीत फिरायचं, जमलं तर कापडाचा बाजारही पाहायचा. मी मंदाताईला म्हटलं, चला. ती लहान पोरीसारखी खूश झाली. विमानतळावर श्रीकांतने तिची बॅग माझ्या हाती दिली. "मौसी, आई को अकेला मत छोड़ना."

"अरे, हिनं मला बाजार शिकवला. सांभाळून परत आणते, चिंता नको करू."

तो काही बोलणार होता. मंदाताईने त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. ते पाहणं मला तेव्हा विचित्र वाटलं होतं, पण रांग पुढे सरकली.

बँकॉकला उतरलो तेव्हा हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसली. हॉटेलच्या खोलीत मंदाताई बॅग न उघडता पलंगाच्या कडेला बसून राहिली. मग हळूच विचारलं, "हे घर कोणाचं हाय? घरवाल्यायले सांगून आलो का आपण?" मी हसले. दुसऱ्या दिवशी आडव्या पहुडलेल्या बुद्धाची ती प्रचंड सोनेरी मूर्ती पाहिली. सगळे फोटो काढत होते. मंदाताई पायांशी हात जोडून उभी राहिली आणि कुजबुजली, "लय वेळचा निजला हाय हा. कोणी उठवत काहून नाही?" या वेळी मला हसू आलं नाही.

मग कापडाचा बाजार. गल्ल्या आपल्या पंडरीसारख्याच, फक्त माणसांचा महापूर. तिथल्या बाया कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून आपल्यापुढे धरतात. आपण आपला आकडा दाबून परत द्यायचा. मंदाताईने कॅल्क्युलेटर हातात घेतला, पाहिला आणि तसाच परत दिला. बाईने नवा आकडा दाबला. मंदाताईने तोही तसाच परत दिला. बाईचा आकडा उतरत गेला. मी मनात म्हटलं, वा, भाषा नाही तरी हातखंडा तोच! मग मंदाताई उठली आणि चालू लागली. मी मागे थांबून माझं काम केलं, म्हणजे तोंड वाजवलं. भाव पटला, माल बांधला, मी कोपऱ्यावर गेले.

कोपऱ्यावर मंदाताई नव्हती.

पुढच्याही कोपऱ्यावर नव्हती. मी हाका मारत गल्ल्या धुंडाळल्या. गटातली माणसं चहूकडे पांगली. हाका मारताना लक्षात आलं, की हाकेला न थांबणं ही तर आमचीच पद्धत. माझ्या हाका तिला ऐकू येत असतील आणि तरी ती चालत असेल.

बाजाराच्या मागे एक कालवा आहे. काळं पाणी, त्यातून लांबट नावा सुसाट जातात, धक्क्याला पुरती टेकतही नाहीत. माणसं उड्या मारून चढतात-उतरतात. धक्क्याच्या अगदी कडेला मंदाताई उभी होती. तिकीटवाल्या बाईने तिचा पदर मुठीत घट्ट आवळला होता आणि ती आपल्या भाषेत ओरडत होती. मंदाताई मात्र शांत होती.

"ताई! काय करून राहिल्या इथं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, जसं अनोळखी बाईकडे पाहतात. "सरका जरा, बाई. गोंदिया पॅसेंजर येऊन राहिली. मालक घरी वाट पाहत असन." आणि नाव जवळ येताच तिने पाऊल उचललं. मी तिच्या कमरेला मिठी मारून तिला मागे ओढलं. आम्ही दोघी धक्क्यावर पडलो. नाव निघून गेली, पाणी आमच्या अंगावर उडालं.

तिला मी परत आणलं. दिला शब्द पाळला. विमानतळावर श्रीकांतने माझ्या हातातून तिची बॅग घेतली आणि तिला सरळ गाडीकडे नेलं. पुढे फ्लॅटवर गेले तर सून दारातूनच म्हणाली, "मम्मीजी सो रही हैं।" असं बऱ्याचदा झालं. मग मी जाणं सोडलं. तिला विसरण्याचा आजार होता आणि डॉक्टरने तो बँकॉकच्या आधीच सांगितला होता, हे मला मागाहून कॉलनीतल्या बायकांकडून कळलं. वर्षभरात मंदाताई गेली.

तेराव्याचं सांगायला श्रीकांत दुकानात आला. मी गिऱ्हाइकांसमोरच त्याला धरलं. "डॉक्टरनं सांगितलेलं तुला माहीत होतं ना? मग मला काहून नाही सांगितलं? कालव्यात गेली असती तर कोणाचं नाव लागलं असतं?"

तो एका गाठोड्यावर बसला. मग, जन्मात पहिल्यांदा, माझ्याशी मराठीत बोलला. "आईनंच नाही सांगू दिलं, मौसी. शपथ घातली. म्हणे, दुर्गेले सांगशीन त जपाले लागन मले. घरात सगळे हळू बोलून राहिले माह्याशी. एक तरी माणूस पाहिजे जे माह्यावर अजून खेकसते."

तेराव्याला मी गेले. फोटोला हार होता, उदबत्ती होती, सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मी फोटोपुढे उभी राहिले आणि घसा मोकळा सोडला. काहून लपवलं, मला काय समजल्या होत्या, हात सुटला असता म्हणजे, असं सगळं, एकेक काढून, पंडरीत काढते त्या आवाजात. सून मला आवरायला पुढे आली.

श्रीकांतने तिचा हात धरला. "बोलने दो," तो म्हणाला.