चामोर्शीचा तान्हा पोळा आणि माझं पळसाचं मखर

हा प्रवास मी एका भाषणामुळे केला. भाषण माझंच होतं, श्रोती एकच होती आणि ती नऊ वर्षांची होती.

माझी धाकटी बहीण सुनंदा चामोर्शीच्या पुढे, आष्टीच्या रस्त्यावरच्या एका गावात राहते. तिची लेक गौरी. पोळ्याच्या आधी व्हिडिओ कॉलवर गौरी म्हणाली, यंदा नंदीसाठी बाजारातून सजावट आणायची आहे: चमकी, प्लास्टिकची फुलं, बॅटरीवरचे दिवे. ज्यांनी मला सभांमध्ये ऐकलं आहे त्यांना ठाऊक आहे की विकतच्या सणाचा विषय माझ्यासमोर काढू नये. मी सुरू झाले. श्रमाची प्रतिष्ठा झाली, बाजाराची गुलामी झाली, देवाने दिलेली दहा बोटं झाली (देव मानत नाही, पण बोटांपुरता चालतो). वरण करपल्याचा वास आला तेव्हा थांबले.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मोठ्या पोळ्याला खऱ्या बैलांचा मान, तान्ह्याला लेकरांच्या लाकडी बैलांचा. चाकांच्या पाटीवर उभा असलेला नंदी सजवायचा, दोरीने ओढत मैदानात न्यायचा, मग घरोघरी फिरवून बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, गोळा करायचा.

दोन दिवसांनी सुनंदाचा फोन आला.

"ताई, काय सांगून ठेवलं तू पोरीले? शाळेत जाऊन म्हणते, माही मावशी वर्ध्याहून येते अन् हातानं नंदी सजवून देते. वर्गातल्या खुशीसंग पैज लावली तिनं. खुशीचा काका नागपूरवरून लायटिंग आणून राह्यला."

"पैज कशाची?"

"ज्याचा नंदी हारन, त्यानं दिवाळीपर्यंत दुसऱ्याचं दप्तर वाहायचं. आता बोलली तूच, तर ये तूच."

मी आयुष्यात क्रांतीची हाक अनेकदा दिली, पण ती हाक ऐकून कुणी खरंच उभं राहिल्याचा हा पहिला प्रसंग. जाणं भाग होतं. हातकामाचा माझा अनुभव म्हणाल तर शाळेत एकदा कागदाची होडी केली होती. ती टोपी झाली.

जाण्याचा दिवस

वर्ध्याहून सकाळची रेल्वे पकडून चंद्रपूर. स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री मागताना 'कमी' म्हणा, तरी डोळ्यांत पाणी येईल. तिथून मूल, सावली करत गडचिरोलीची एसटी आणि मग चामोर्शीची दुसरी. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. माझा सगळा प्रवास मॉलमधल्या एका कॉफीच्या आसपास पडला. मूलच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल लागतं. पावसाळ्यात ते इतकं दाट होतं की समोरून येणारी गाडीसुद्धा झाडातून उगवल्यासारखी दिसते. वैनगंगेच्या पुलावर पाणी चढलं की वाहतूक थांबते, म्हणून या दिवसांत येणाऱ्यांनी हाताशी एक जास्तीचा दिवस आणि एक जास्तीचा डबा ठेवावा.

शेजारच्या सीटवर मोहर्लीकडे सफारीची जिप्सी चालवणारे एक भाऊ होते. पावसाळ्यात ताडोब्याचा गाभा बंद, म्हणून सासरी निघालेले.

"वाघ पाह्याले आल्या का बाई? आता नाई दिसत."

"लाकडी बैल सजवायला आले आहे."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तेही सोपं नाई," म्हणाले आणि झोपी गेले.

मखराचे दिवस

गावात लॉज नाही. तुमची तिथे बहीण नसेल तर गडचिरोलीत मुक्काम करा. माझी होती, आणि तिने दारातच विचारलं, "सामान काय आणलं?"

"काहीही विकत आणलेलं नाही," मी अभिमानाने म्हणाले.

"म्हणजे काईच नाई आणलं."

माझी कल्पना साधी होती. नंदीच्या पाटीवर पळसाचं मखर उभारायचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाच्या डहाळ्या, पत्रावळीसारखी टाचलेली पानांची झालर, आणि पळसाचं मूळ ठेचून काढलेल्या वाखाने सगळं बांधायचं. पळस बांधावर उभाच होता. गौरी आणि मी दोन दिवस खपलो. वाख ठेचताना दगड मुळावर कमी आणि माझ्या अंगठ्यावर जास्त बसला. सांगाडा चौकोनी व्हायचा होता, तो पंचकोनी झाला. मी गौरीला सांगितलं की पंचकोन हा जास्त प्रगत आकार आहे. गाठी मात्र मी अशा मारल्या की सुनंदाचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, येता-जाता थांबून पाहायचे.

"बाई, हे सोडाचं असन तं कसं सोडान?"

"सोडायचं नाहीच आहे, भाऊजी."

"बरं," म्हणून ते शेतावर जायचे. भाऊजी बोलण्यात फार काटकसरी. आमच्या घराण्यात असा माणूस जावई म्हणूनच येऊ शकतो.

मधल्या एका दुपारी भाऊजींच्या मोटरसायकलवर मार्कंड्याची देवळं पाहून आलो. वैनगंगेच्या काठावर, दगडात कोरलेली. जरूर जा. मी मात्र त्या कोरीव मूर्तींकडे पहिल्यांदाच रसिक म्हणून न पाहता सुजलेल्या अंगठ्याने पाहिलं. त्या माणसांचे अंगठे कसे असतील.

मोठा पोळा

संध्याकाळी गावातले बैल तोरणाखाली उभे राहिले. शिंगांना बेगड, अंगावर झुली, गेरूचे ठिपके. मग झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे पोळ्यात म्हणायचं खोडकर कवन. सरपंचापासून जावयापर्यंत कुणाचीही टोपी उडवतात आणि शेवटी सगळे मिळून महादेवाच्या नावाने गजर करतात. हे वक्तृत्व मला फार आवडलं. चार ओळींत काम तमाम, अध्यक्षीय समारोप नाही.

रात्रीच्या जेवणाआधी भाऊजींनी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या उभ्या केल्या.

"ह्या कशाला?"

"उद्या झुंजूमुंजू झालं का गावाबाहेर नेऊन फेकाच्या. घरातली ईडापीडा घेऊन जाते मारबत."

मी त्यांना, न रागावता, समजावून सांगितलं की फांदीला रोग उचलता येत नाहीत, वस्तूला शकुन-अपशकुन चिकटत नाही. विवेकवादाची बरीच मोठी परंपरा मी तिथे ओसरीवर उभी केली. भाऊजी शेवटपर्यंत ऐकत होते. "हो बाई," म्हणाले, आणि फांदी जरा सरळ केली.

मखराला लावलेली तांदळाची खळ अजून ओली होती. घरात जागा नव्हती असं नाही. पण म्हटलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. म्हणून मी ते दाराशीच ठेवलं, भाऊजींच्या फांदीला टेकवून.

पहाट

डबे वाजवण्याच्या आवाजाने जाग आली. गल्लीतून पोरं, बाप्ये ओरडत चालले होते. एक जण खोकल्याचं नाव घ्यायचा, एक तापाचं, एक डासांचं, आणि सगळे मिळून, "घेऊन जा गे मारबत!" मी दारात आले. धुकट उजेडात भाऊजी पाठमोरे चालले होते, काखेत पळसाचा भला मोठा भारा.

आता मला सांगा, लोक एका सुरात घोषणा देत आहेत आणि मी गप्प उभी आहे, हे शक्य आहे का? प्रथा म्हणून नाही, साहित्यप्रकार म्हणून मी त्यात उतरले. "प्लास्टिक घेऊन जा गे मारबत," मी गर्जले. "डीजे घेऊन जा. टीव्हीवरच्या सासवा घेऊन जा. विकतची हौस, उसनी श्रीमंती घेऊन जा." माझा आवाज विनामाईक मागच्या रांगेपर्यंत जातो. पोरं थांबून टाळ्या वाजवू लागली. भाऊजींनी वळून माझ्याकडे पाहिलं, आदराने मान हलवली आणि काखेतला भारा आणखी घट्ट धरला.

चहा झाला. गौरी ओसरीवर गेली आणि परत आली.

"मावशी, आपलं मखर कुठी हाय?"

भाऊजींनी कप खाली ठेवला. "कोणतं मखर?"

गौरीने दाराकडे बोट दाखवलं.

"ते पळसाचं?" भाऊजी म्हणाले. "दाराशी फांदीले टेकून होतं ते? मी समजलो मारबत हाय. म्हटलं यंदा बाईनं मोठी केली."

"दोन दिवस पाहून राह्यले ना तुमी ते," सुनंदा म्हणाली.

"दिवसा पाह्यलं. पहाटे पळस दिसला."

गावाची शीव

मी, गौरी आणि मागून हाका मारणारी सुनंदा, अशा आम्ही नाल्यापाशी पोचलो. सगळ्या गावाच्या फांद्यांचा ढीग, आणि त्यावर उलटं पडलेलं आमचं पंचकोनी मखर. एकही गाठ सुटली नव्हती.

"ताई, ते घरात आणजो नोको," सुनंदा म्हणाली.

"तुझा विश्वास आहे असल्या गोष्टींवर?"

"माहा नसन. सासूबाईचा हाय, अन् शेजारच्या साऱ्यायचा हाय. पोरगी तो नंदी घेऊन दारोदार जाईन ना आज?"

मी हात पुढे केला. इतकी वर्षं व्यासपीठावरून मांडलेलं तत्त्व सिद्ध करायची वेळ होती. तेवढ्यात गौरी म्हणाली, "मावशी, पण तूच तं म्हटलं ना त्याले, प्लास्टिक घेऊन जा, डीजे घेऊन जा. सगळं त्याच्यात हाय आता."

माझा हात तिथेच थांबला. फांदीला रोग चिकटत नाहीत, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण शब्दाला वजन असतं, हेही मी आजवर सांगत आले. पहाटे साऱ्या गल्लीसमोर मोठ्याने बोललेला शब्द सोयीचा नाही म्हणून सकाळी परत घ्यायचा, असं करणाऱ्यांविरुद्ध तर माझी निम्मी भाषणं आहेत. अपशकुनाला मी भ्याले नाही. माझ्याच आवाजापुढे मात्र माझं काही चालेना.

"राहू दे," मी म्हणाले. "नवीन करू."

"मी करतो," गौरी म्हणाली. "तू फक्त धरून ठेवजो."

नाल्याकाठी सागाची रोपं होती. गौरीने कोवळी पानं खुडली आणि घरी येऊन तळहातावर चोळली. लालभडक रंग सुटला. त्याचे ठिपके तिने नंदीच्या अंगावर बोटांनी उठवले. शिंगांना भोपळ्याची पिवळी फुलं. गळ्यात काय घालायचं यावर ती थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "करंज्या."

आदल्या दिवशीच्या करंज्यांना मी दाभणाने भोक पाडू गेले. त्यांचा चुरा झाला. सुनंदाने कपाळावर हात मारला. "तळाच्या आधी भोक पाडाव लागते, ताई. एवढं शिकून काय केलं?" मग तिने नव्या, छोट्या करंज्या भोकं पाडून तळल्या, मी आज्ञेप्रमाणे दोरा धरून ठेवला आणि गौरीने माळ ओवली.

तान्हा पोळा

शाळेच्या मैदानात गर्दी होती, आणि गावात वक्त्या आल्यात म्हणून मला प्रमुख पाहुणी केलेलं होतं. गौरी कानात म्हणाली, "लांब नोको बोलजो."

खुशीचा नंदी लखलखत होता. दिवे पळत होते, रंग बदलत होते, शेपटीसुद्धा पेटत होती. मी जरा खवचटपणे विचारलं, "कुठून विकत आणलं गं हे?"

"वायरी फक्त आणल्या," खुशी म्हणाली. "जोडलं काकानं घरीच. त्याचं बोट भाजलं, पाहा."

तिच्या मागे उभ्या असलेल्या काकांनी पट्टी बांधलेलं बोट दाखवलं. मी माझा सुजलेला अंगठा दाखवला.

गौरीने नंदी पुढे ओढला आणि झडती म्हटली:

"मावशी आली वर्ध्याहून, भाषण तिचं भारी,
पळसाचं मखर तिचं गेलं गावाबाहेरी।
माह्या नंदीच्या गळ्यात करंज्यायची माळ,
आजच खाऊन घ्या, बाप्पा, उद्या कोणाचा काळ।"

मैदान हसून लोळलं. मग पोरं नंदीपाशी आली, मग परीक्षक आले, मग परीक्षकांच्या बायका. निकालापर्यंत नंदीच्या गळ्यात नुसता दोरा उरला होता. तीन करंज्या तर खुशीनेच खाल्ल्या.

पहिलं बक्षीस खुशीला. ते मीच द्यायचं होतं, आणि दिलं. भाषण चार वाक्यांचं केलं. सुनंदा म्हणाली, तिने ऐकलेलं माझं सगळ्यात चांगलं तेच. गौरीला बक्षीस नाही. ती रडली नाही, पण घरी येताना नंदीची दोरी तिने माझ्या हातात दिली. ते मला माझ्या कुठल्याही पडलेल्या सभेपेक्षा जड गेलं.

घरी

येऊन तीन आठवडे झाले. अंगठ्याची सूज उतरली. पुढच्या महिन्यात एका महाविद्यालयात 'हातांचा सण' या विषयावर बोलायचं आहे. विषय मीच कळवला होता, जाण्याआधी. आता टिपणं काढायला बसले की भाजलेलं बोट आणि करंज्यांचा चुरा आठवतो आणि वाक्यं आखूड होतात.

काल गौरीचा फोन आला. मी जपून विचारलं, "खुशीचं दप्तर वाहतेस का गं?"

"मी काऊन वाहू? नंदीच्या पाटीवर ठेवतो अन् ओढत नेतो. आता खुशी म्हणते माह्याही नंदीले गाडी बनवून दे. पण त्याच्या वायरी मधात येतात."

मागून भाऊजींचा आवाज आला. "बाईले सांग, नाल्याले पूर आला होता. साऱ्या गावाची मारबत वाहून गेली. त्यायचं मखर तिथीच अटकून हाय. एकही गाठ सुटली नाई."

भाऊजींच्या तोंडून इतकी वाक्यं मी पहिल्यांदाच ऐकली. माझ्या हातकामाची आजवर झालेली ही एकमेव स्तुती आहे. मी क्षणभर फुलले. मग लक्षात आलं की प्लास्टिक, डीजे आणि टीव्हीवरच्या सासवा मी गावाच्या शिवेवर पक्क्या बांधून आले आहे.

"मावशी," गौरी म्हणाली, "पुढच्या साली लवकर येजो. नंदी मी सजवतो. तू मारबत बनव. तुले ते जमते."