बियाण्याच्या वाफ्यातलं मीठ

सगुणाबाईला अख्खी आळी वचकून असायची, आणि त्यात आळीची काही चूक नव्हती. बाई नांदायला आली अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या मुलखात, पण जन्म मिठागरावरचा. मीठ तिच्या लेखी औषध. दात दुखला, मीठ. घसा बसला, मीठ. नजर लागली, तरी मीठच. माड लावताना खड्ड्यात मीठ टाकायचं, हे तर तिच्या बापाचं शास्त्र, आणि माडाला ते मानवतंही. बापाचे माड कसे तरारले हे ती कुणालाही थांबवून ऐकवायची. ऐकणाऱ्याची एसटी चुकली तरी बेहत्तर.

तिचा जीव मात्र एका वाफ्यात. निवडक कांदे पुन्हा मातीत लावायचे, त्यांना गोंडे येऊ द्यायचे आणि त्यातलं बी घरातच जपायचं. हे बी तिच्या सासूकडून आलेलं. विकतचं बी त्या रानात कधी पडलं नव्हतं. "बी गेलं म्हंजे घर गेलं," असं ती म्हणायची.

यंदा त्या वाफ्यात बुरशी दिसली. कुणाला विचारील तर ती सगुणाबाई कसली! माडाला चालतं ते कांद्याला का चालू नये, असं म्हणून सकाळी पाटीभर मीठ वाफ्यावर पसरून मोकळी झाली.

थोड्या वेळाने बघते तर सून वाफ्यात! रुचिता पाइप धरून पाणी सोडत होती, आणि रुचिता तेव्हा बाहेर बसलेली. त्या चार दिवसांत बाईने चुलीला शिवायचं नाही, लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही, आणि बियाण्याच्या वाफ्यात तर पाऊल टाकायचंच नाही, असा त्या घरचा रिवाज. सगुणाबाईचं डोकंच फिरलं. तिने सुनेचा दंड धरला आणि तिला फरफटत बांधाबाहेर काढलं. सून काहीतरी ओरडत होती, पण ऐकतंय कोण.

पुढे पात पिवळी पडली आणि मान टाकून आडवी झाली. झालं! "विटाळशीनं माझ्या सासूचं बी खाल्लं," म्हणून सगुणाबाईने आळी डोक्यावर घेतली. मुलगा प्रणय ट्रक घेऊन लांब गेलेला, मध्ये पडणार कोण? रुचिता चौलला माहेरी निघून गेली. त्यांची नववीतली मुलगी हेमाली शाळेपायी आजीकडे राहिली, पण आजीशी कामापुरतंच बोलायची.

शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं तेव्हा मात्र ती आजीला घेऊन गेली. टेबलावर लाल कांदा कापलेला होता. पांढऱ्याच्या आतलं नीट दिसत नाही, म्हणून लाल. त्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवून तिने तो मायक्रोस्कोपखाली सरकवला.

"एक डोळा मिटून बघ."

सगुणाबाईने बघितलं आणि "अगो बाय!" करून मागेच सरली. सारा जन्म कांद्यात गेला, पण कांद्यात हे असलं काही असेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. विटा रचाव्यात तशी घरांना घरं लागलेली!

"प्रत्येक घर म्हणजे एक पेशी," हेमाली म्हणाली. "कडेची भिंत पेशीला आकार देते. भिंतीला आतून एक पातळ पडदा चिकटलेला असतो. आत काय घ्यायचं, काय नाही, ते तो बघतो. केंद्रक म्हणून एक ठिपका असतो, सगळा कारभार तिथून चालतो. आणि ती गुलाबी दिसते ना, ती पाण्याची पिशवी. ती भरलेली असली की पात ताठ राहते."

"जित्तं हाय हे?"

"जिवंत आहे. आता बघ हां." तिने काचेच्या कडेला एक थेंब सोडला.

सगुणाबाई पुन्हा वाकली. गुलाबी पिशव्या आकसायला लागल्या होत्या. पडदा भिंतीपासून सुटला. भिंती होत्या तिथेच राहिल्या आणि आतला जीव चिमून एका कोपऱ्यात गोळा झाला.

"काय घातलंस गो त्यात?"

"मिठाचं पाणी. बाहेर खारट झालं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मुळांचंही तेच होतं."

"आन माड?"

"माड खारं सोसतो, आजी. कांदा नाही सोसत."

सगुणाबाईने टेबलाची कड घट्ट धरली. "मंग त्यावर काय उपाय न्हाय?"

"आहे ना. लगेच भरपूर गोडं पाणी घालून मीठ धुऊन काढायचं. पेशी परत भरतात. उशीर झाला तर मरतात."

लेकीचं प्रदर्शन बघायला रुचिता चौलहून आली होती. ती मागेच उभी होती. सगुणाबाई वळली तर समोर सून.

"मीठ मीच टाकलं व्हतं गो," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे, आई. वाफा पांढरा दिसला म्हणून तर पाइप घेऊन धावले."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलत होते. तुम्ही ओढत होतात तेव्हा 'मीठ, मीठ' हेच ओरडत होते."

सगुणाबाईने सुनेला घरी चल म्हटलं. रुचिता म्हणाली, "येते. पण आळीत मला काय काय म्हणालात ते सगळ्यांनी ऐकलंय. आता हेही तिथेच सांगा, तेवढ्याच मोठ्याने."

संध्याकाळी सगुणाबाईने हाका मारल्या तशा आळीतल्या बायका दारादारांत उभ्या राहिल्या. रुचिता अंगणाबाहेर थांबली होती. सगुणाबाई अंगणाच्या मधोमध उभी राहिली.

"सासूचं बी मी मारलं," ती ओरडली. "ही वाचवीत व्हती. मीच हिला वढून काढली."