टाकीनंतरची पहिली भाकर

मी मुळातच धास्तीखोर. धुळ्याहून एसटीला निघताना घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारी. अशा बाईने पांझरेकाठच्या माहेरगावातली बंद पडलेली पाणचक्की चालवायला घ्यावी, म्हणजे विकतचं दुखणंच. पण शाळेतून निवृत्त झाले आणि गावातल्या चार-पाच जणींना सोबत घेऊन ते मी घेतलं. पाटाचं पाणी पडतं, खालचं आडवं चाक फिरतं आणि त्याबरोबर वरच्या खोलीतला दगड फिरतो. यात बिघडायचं काय, असं लोक विचारायचे. मला रोज नवीन काहीतरी सुचायचं.

पाणी मात्र आमचं नव्हतं. आमच्याकडे पाटाचं पाणी फडाफडाने, म्हणजे शेतांच्या एकेका पट्ट्याला, पाळीने जातं आणि पाळी पाटकरी ठरवतो. त्याने सांगितलं होतं, एका फडाचं पाणी संपून दुसऱ्याचं सुरू होण्याआधी, गुरुवारी सकाळभर मी ते चक्कीवर सोडीन. पीठ गावाला पसंत पडलं तर दर गुरुवारी. नाही पडलं तर पाटावरची पाणी अडवायची फळी बंद, मग चक्की नुसती बघायला ठेवा.

बुधवारी नानांनी दगडांना टाकी लावली. नाना म्हणजे जुन्या चक्कीवाल्याचे पुतणे. छिन्नीने दगडाच्या खाचा पुन्हा उठवणं आता गावात त्यांनाच येतं. जाताना त्यांनी बजावलं, टाकीनंतर दगडात बारीक खड्यांची कच राहते, पहिली पायलीभर ज्वारी दळून गुरांना घाला, मगच माणसांचं दळण.

मी अर्धी पायलीच दळली. बायका डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि पाणी मध्येच संपेल या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता. पीठ चिमटीत धरून पाहिलं, मऊ लागलं. मन नको म्हणत होतं, तरी मी कळणा टाकला. कळणा म्हणजे ज्वारी, उडीद, आणि आमच्या रीतीने दळतानाच घातलेलं खडेमीठ.

चक्कीच्या ओट्यावर चूल मांडून भाकरी केल्या. पहिला घास अक्कांचा, कारण नवी नवरी असताना या चक्कीवर दळायला आलेल्या त्या एकट्याच उरल्यात. अक्कांनी घास चावला, थांबल्या, जीभ दातांवरून फिरवली. शेजारची म्हणाली, मिठाचा खडा असेल. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण तोवर भाकरी इतरांच्या ताटांत पडायला लागल्या होत्या.

मी सगळ्यांना थांबवलं. मूठभर पीठ परातीतल्या पाण्यात कालवलं, कारण मीठ विरघळतं, दगड विरघळत नाही. वरचं पाणी पिठासकट हळूहळू ओतून दिलं. तळाशी दगडाचे काळे कण राहिले.

फळीपाशी उभ्या असलेल्या पाटकऱ्यापुढे मी परात धरली. "मीठ नाही हे. नानांनी पायली सांगितली होती, मी अर्धीच दळली," म्हणाले आणि मला रडू आलं. वाटलं, संपली चक्की.

अक्का शांतपणे चूळ भरून आल्या. "पहिला दळणमा कच ऱ्हासच," त्या म्हणाल्या. "मनी सासूनी ती भाकर मालेच खावाडी व्हती."

सासूने ती भाकर सुनेलाच चारली म्हणून बायका हसल्या. पाटकरी हसला नाही.

"पाणी भेटी," तो म्हणाला. "पन टाकी लाई का पहिली भाकर तुम्हीच खावानी, बाई. बठ्ठासमोर."

सगळ्यांसमोर पहिला घास माझा, याला दोन वर्षं झाली. आता टाकी लागली की मी एकाऐवजी दोन पायल्या गुरांसाठी दळते. पाटकरी फळीपाशी उभा असतो, सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. मी सावकाश चावते, आणि मी घास गिळल्याशिवाय रांगेतला एकही डबा पुढे सरकत नाही.