काहिलीतली जागा

हिप्परग्याच्या तळ्यापलीकडची बाभळीची झाडी बघायची हौस मला चाळिशीत आली. गूळ कढवायच्या काहिलीत बसून एक धनगर पलीकडे निघाला होता, हरवलेली गाभण शेळी शोधायला. मीही बसलो. फळीने पाणी मारताना तो घडीघडी माझ्या पोटाकडे आणि मग काहिलीच्या काठाकडे बघायचा.

शेळी झाडीत सापडली, अगदी विण्याच्या बेतात. तिला काहिलीत निजवून तो म्हणाला, "तिघं न्हाय मावत, मालक. तुमी काठानं चालत या. तुमाला वाट इचारता येती, हिला न्हाय की."

पायांत काटे मोडून घेत मी अलीकडे पोचलो, तर तो थांबला होता. "आलासा व्हय," म्हणत त्याने ओलं करडू माझ्या हातात दिलं.

अजूनही भरल्या एसटीत कुणी अवघडलेली बाई चढली की मी मुकाट्याने उठतो.